डबा बदलू नका, डबा उघडा

होस्टेलला नवीन आलेला प्रत्येक ज्युनिअर पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलाखालच्या काळ्या डब्याकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "दादा, हा चालतो का?" डबा २०१४ सालचा आहे. माझा आतेभाऊ इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, तेव्हा त्याने लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेला. इंटेलचा आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चा मदरबोर्ड, जीटीएक्स ७५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड, एक टीबीची हार्ड डिस्क. आमच्या घराण्यात स्वेटर, सायकल आणि बाराखडीची पुस्तके जशी वरून खाली येतात तसा हाही माझ्याकडे आला. (घरी सगळे त्या अख्ख्या डब्याला 'सीपीयू' म्हणतात. इतकी वर्षे इंजिनीअरिंगमध्ये काढूनही आईची ही चूक मला दुरुस्त करता आलेली नाही. आता तर मीही तसंच म्हणतो.)

तर मंडळी, चालतो. चांगला चालतो. काउंटर स्ट्राइक २ चालतो, जीटीए ५ चालतो, आणि रात्री बारानंतर माझ्या रूममेटचा प्रोजेक्टही त्याच्यावरच चालतो. पण तो चालता व्हायला मला एक वर्ष, पंधरा हजार रुपये, एक मेलेली हार्ड डिस्क आणि ग्रुपमधल्या तिघांचा चार दिवसांचा अबोला एवढी किंमत मोजावी लागली. म्हणून हा लेख.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटत नाही त्यांनी सरळ पान उलटून कविता विभागात जावे. मत असे की, गेम अडखळायला लागला म्हणून जुना पीसी भंगारात घालून ईएमआयवर गेमिंग लॅपटॉप घेणे हा आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी तोट्याचा सौदा आहे. आणि दुसरे मत असे की, यात आपल्या कॉलेजचाही थोडा दोष आहे. त्याकडे शेवटी येतो. स्टाफपैकी कोणी वाचत असेल तर कृपया शेवटपर्यंत वाचावे.

आमच्याच विंगमधल्या एका ज्युनिअरने मागच्या वर्षी पंच्याहत्तर हजारांचा लॅपटॉप घेतला. अठरा महिन्यांचे हप्ते, महिन्याला चार हजारांवर. पहिल्या सेमला तो आमच्याबरोबर रात्री नाक्यावर चहाला यायचा. दुसऱ्या सेमला "आज नको रे, पोट भरलंय" म्हणायला लागला. गेम झकास चालतो हो त्याचा, नाही असं नाही. लॅपटॉप लायब्ररीत नेता येतो, सुट्टीत घरी नेता येतो, हेही मान्य. पण त्यातले ग्राफिक्स बोर्डावरच डाखलेले असते. तीन वर्षांनी ते कमी पडले की बदलायचा मार्ग नाही, परत अख्खा नवा. आमच्या डब्यात मात्र चार स्क्रू काढले की प्रत्येक गोष्ट वेगळी हातात येते. ही सोय आहे हेच आपण विसरून जातो.

आता मुद्द्याचे. डबा अडखळतो म्हणजे नेमके काय अडते? आपण राहतो तुर्भ्याला, तर उदाहरणही इथलेच घेऊ. ठाणे-बेलापूर रोड चांगला रुंद आहे. पण मार्केटचे ट्रक वळायला लागले की नाक्यावर सगळे तुंबते. अशा वेळी तुम्ही कोपरखैरण्यापाशी आणखी दोन लेन वाढवल्या तर काय होईल? काही नाही. फक्त तुंबायला जास्त जागा मिळेल. कॉम्प्युटरचेही हेच आहे. नाका कुठे आहे हे न बघता रस्ता रुंद करायला जाणारे आपल्यात फार. "कार्ड टाक रे, सगळं सुटेल" हा सल्ला होस्टेलमध्ये फुकट मिळतो आणि फुकट मिळतो म्हणूनच तो महाग पडतो.

नाका शोधायला एक पैसा लागत नाही. गेम चालू असताना प्रोसेसर किती टक्के, कार्ड किती टक्के, रॅम किती भरली आणि डिस्क किती धावतेय हे आकडे पडद्यावर दाखवणारी साधने मोफत मिळतात. मग एक साधा प्रयोग करायचा. गेमचे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणायचे. फ्रेम्स वाढल्या तर अडचण कार्डात होती, कारण तुम्ही त्याचे ओझे कमी केलेत. फ्रेम्स जागच्या जागी राहिल्या तर कार्ड मोकळे बसले आहे आणि प्रोसेसर धापा टाकतोय. माझ्याकडे काउंटर स्ट्राइकमध्ये पंचेचाळीसच्या आसपास फ्रेम्स येत होत्या, ७२० वर त्या पंच्याहत्तरपर्यंत गेल्या. म्हणजे कार्ड. पण मधेमधे अर्धा-अर्धा सेकंद चित्र थिजायचे, ते दोन्हीकडे सारखेच थिजायचे. ते कार्डाचे दुखणे नव्हते. रॅम आठ जीबी, ती काठोकाठ भरलेली, आणि उरलेले सगळे हार्ड डिस्कवर जाऊन-येऊन.

हार्ड डिस्कचे गणित आपल्याला परीक्षेत येते पण खोलीत आठवत नाही. ७२०० आरपीएम म्हणजे एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद. हवा तो सेक्टर खाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.१७. त्यात डोके हलायचा वेळ धरा आणखी आठ-नऊ. म्हणजे दर तुकड्यामागे बारा-तेरा मिलिसेकंद. साध्या साटा एसएसडीला हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास जमते. साठ फ्रेम्सच्या गेममध्ये एका फ्रेमला साडेसोळा मिलिसेकंदच मिळतात. आता सांगा, चित्र थिजणार नाही तर काय होणार?

हे सगळे मला आज कळते. तेव्हा मी काय केले ते सांगतो, आणि हा भाग ज्युनिअर्सनी जरा लक्ष देऊन वाचावा.

२०२४ ची गोष्ट. शिकवण्या घेऊन साठवलेले पंधरा हजार हातात होते. रूममेटने सांगितले की आरएक्स ५८० घे, आठ जीबीचे, सेकंडहँड एकदम स्वस्त मिळते. मिळत होतेच. त्याचे कारण असे की २०२०-२१ च्या क्रिप्टोच्या लाटेत लोकांनी ही कार्डे ढिगाने विकत घेऊन रात्रंदिवस राबवली. मग १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि ती सगळी राबलेली गुरे बाजारात आली. राबलेले कार्ड वाईटच असते असे नाही, पण पंखे आणि थर्मल पॅड बघून घ्यावे लागतात. मी बघितले. साडेपाच हजारांना घेतले. खूश!

बघितले नाही ते एकच, एसएमपीएस. दहा वर्षांचा, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. वर मोठ्या अक्षरात '४५० वॅट' लिहिलेले. मी म्हटले, भरपूर झाले. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्याला नव्हतीच, म्हणून मी शंभर रुपयांचा कन्व्हर्टर लावला. (इलेक्ट्रिकलचे मित्र इथे कपाळावर हात मारून घेतील. मारा.)

लेबलवरच बारीक अक्षरात खरे लिहिलेले असते. १२ व्होल्टच्या लाइनला १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही याच लाइनवर जेवतात. आरएक्स ५८० ची भूक १८५ वॅट, आय५-४४६० ची ८४. बेरीज २६९. पहिल्या वर्षाला शिकवलेला गुणाकार मी केला असता तर पुढचे टळले असते. दोन दिवस चालला. तिसऱ्या रात्री, ओरलच्या आदल्या रात्री, 'फट्ट' असा आवाज, जळका वास आणि पूर्ण मजल्यावर अंधार. एमसीबी गेला होता. रेक्टर सर टॉर्च घेऊन वर आले. मी डब्यासमोर उभा, बाहेर सगळी विंग जमलेली. सर एवढेच म्हणाले, "आधी खिडकी उघड." बाकीचे दुसऱ्या दिवशी म्हणाले.

बोर्ड वाचला, प्रोसेसर वाचला, कार्डही वाचले. हार्ड डिस्क गेली. तिच्यावर मिनी-प्रोजेक्टचा रिपोर्ट होता, चौघांचा. बॅकअप? 'उद्या घेऊ' या नावाच्या फोल्डरमध्ये. तिघे मित्र माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत आणि त्यांचे काहीच चुकले नाही. पुढचे चार दिवस आम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये बसून तो रिपोर्ट पुन्हा टाइप केला. बोलत नव्हतो, फक्त टाइप करत होतो. कार्ड दुकानदाराने परत घेतले, पण हजार रुपये कापून. दुकानाचे नाव लिहीत नाही. चूक त्याची नव्हती आणि पैसे परत मिळाले हेच खूप.

त्यामुळे आता कोणीही माझ्याकडे "बजेट कमी आहे, आधी काय घेऊ" विचारायला आला की माझे उत्तर ठरलेले आहे. आधी एसएमपीएस. त्याने एक फ्रेमही वाढत नाही, मित्रांना दाखवता येत नाही, त्याचा फोटो कोणी काढत नाही. पण बाकी सगळे त्याच्या भरवशावर उभे असते. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटला १२ व्होल्टची लाइनच ४०० वॅटच्या वर देते. लेबलवरचा तो एक आकडा वाचून घ्या आणि कन्व्हर्टर या वस्तूपासून चार हात लांब राहा.

उरलेल्या चौदा हजारांसाठी मी वर्षभर थांबलो. (वर्षभर पीसी कसा चालवला? एका सिनियरने पास आउट होताना त्याचा जुना एसएमपीएस आणि १६० जीबीची हार्ड डिस्क दिली होती. तिच्यावर फक्त एज ऑफ एम्पायर्स मावायचा. वाईट वर्ष नव्हते ते.) मग जून २०२५ मध्ये पुन्हा लॅमिंग्टन रोड गाठला.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, पाटीवरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तुर्भ्याहून ठाण्याची गाडी, ठाण्याहून दादर, पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो आणि ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकाने बंद असतात. आमचे एकदा सगळे दादरच्या वडापाववर निभावले. आणि घरून भाव बघून, यादी लिहून जा. आपल्या फळ मार्केटमध्ये पूर्वी हापूसचा सौदा रुमालाखाली बोटे दाबून ठरायचा असे जुनी माणसे सांगतात. बाजूला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला भाव कळायचा नाही. इथे रुमाल नाही, पण "बॉस, कितना बजेट है?" हा प्रश्न म्हणजे तोच रुमाल. बजेट सांगितले की त्याच्याकडची प्रत्येक वस्तू बरोब्बर तेवढ्याच किमतीची होते. आपण बजेट सांगायचे नाही, वस्तू सांगायची.

दुसरे, बिल. "बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील" हे ऐकायला गोड लागते. सेकंडहँड वस्तूला बिल मिळत नाही, तिथे आठवड्याभराची टेस्टिंग वॉरंटी तोंडी असते आणि ती कागदावर लिहून घ्यावी. पण नवा एसएमपीएस आणि नवी एसएसडी बिलाशिवाय घेणे म्हणजे कंपनीने दिलेली काही वर्षांची वॉरंटी अठरा टक्क्यांना विकणे. इंजिनीअर होणाऱ्या माणसाला हे गणित समजायला हरकत नाही.

माझा हिशोब असा झाला. नवा ४५० वॅटचा एसएमपीएस २,९००. नवी ४८० जीबी साटा एसएसडी २,६००. सेकंडहँड डीडीआर३ रॅम, आठच्या दोन स्टिक, १,६००. थर्मल पेस्ट २००. आणि सेकंडहँड जीटीएक्स १६५० कार्ड ६,०००. एकूण १३,३००. जुने ७५० टीआय दीड हजाराला एका फर्स्ट इयरवाल्याने नेले, तो त्याच्यावर सुखात आहे.

कार्डाबद्दल दोन शब्द, कारण इथे बरेच जण फसतात. त्याच्या आसपासच्या पैशांत त्याहून नवीन, २०२२ सालचे आरएक्स ६५०० एक्सटी समोर होते. दुकानदार तेच पुढे करत होता. नवीन म्हणजे चांगले असे वाटणारच. पण ते कार्ड बोर्डाशी फक्त चार लेननी बोलते. नव्या बोर्डाच्या वेगवान लेन असतील तर चार पुरतात. माझा एच८१ चा बोर्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीचा, तिथे चार लेन म्हणजे पुन्हा तुर्भे नाका. १६५० कार्ड २०१९ चे, पण सोळाच्या सोळा लेन वापरते आणि ७५ वॅटमध्ये भागते. बहुतेक मॉडेल्सना वेगळी वायरही लागत नाही. माझ्या बोर्डासाठी तेच बरोबर. म्हातारीला पैठणी घ्यायची तर तिला पेलेल अशी घ्यावी.

रॅमचेही तसेच. एच८१ ला दोनच स्लॉट आणि सोळा जीबीची मर्यादा. त्यामुळे चारच्या जोडीला आणखी काही लावता येत नव्हते, दोन्ही काढून आठ-आठ घातल्या. एसएसडी घेताना एनव्हीएमई घेऊ नका, या बोर्डांना ती जागाच नसते. साटाच घ्या आणि बोर्डावर सहा जीबीपीएसचे दोन पोर्ट असतात त्यातल्या एकाला लावा. बाकीचे दोन निम्म्या वेगाचे आहेत.

आणि सगळ्यात स्वस्त सुधारणा दोनशे रुपयांची निघाली. डबा उघडला तेव्हा प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीची अक्षरशः गोधडी होती. आपल्याकडची हवा तुम्हाला ठाऊक आहे. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला ट्रक, पावसाळ्यात खाडीचा दमटपणा. दहा वर्षांची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ब्रश, नवी पेस्ट, आणि तापमान ९२ वरून ६८ वर आले. ज्याच्याकडे एक रुपयाही बजेट नाही त्याने निदान एवढे करावे. पंखा साफ करताना बोटाने धरून ठेवा, फुंकणीच्या वाऱ्यावर भिरभिरवू नका.

कार्ड लागले आणि मजा बघा. आता कार्ड साठ टक्क्यांवर निवांत आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. नाका पुढे सरकला! तो संपत कधीच नाही, फक्त सरकतो. त्याच सॉकेटवर बसणारा आय७-४७९० सेकंडहँड मिळतो. वॅट तेवढेच, ८४, पण चार कोअरवर आठ थ्रेड. तेव्हा मी तो घेतला नाही. मनात म्हटले, मेलेल्या सॉकेटवर आणखी पैसे कशाला, उरलेले बावीसशे ठेवू, वर्षभरात भर घालू आणि एएम४ चा बोर्ड, रायझन ५ ५६०० आणि डीडीआर४ रॅम असा नवा पाया घालू. सगळे जाणकार हेच सांगत होते आणि मीही होस्टेलभर हेच सांगत फिरत होतो.

इथे मी तोंडावर पडलो. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव असे चढले की काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. कारण एआयची डेटा सेंटर्स. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक डीरॅम बनवतात, आणि त्यांनी आपली क्षमता सर्व्हरच्या मेमरीकडे वळवली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. कुठे अमेरिकेतली डेटा सेंटर्स आणि कुठे तुर्भ्याच्या होस्टेलमधला माझा गल्ला! पण नव्या पायाचे गणित त्यात वाहून गेले. ज्या ज्युनिअरला मी "थांब, पुढच्या वर्षी नवीन घे" असे सांगितले होते, त्याची मी इथे जाहीर माफी मागतो. जानेवारी २०२६ मध्ये आणखी थोडे पैसे घालून मी तो आय७ घेतला. बोर्डाने आधीच हॅसवेल रिफ्रेशचा प्रोसेसर चालवलेला असल्यामुळे बायोसची भानगड नव्हती. बसवला आणि चालू झाला. फ्रेम्स फार वाढल्या नाहीत, पण गोळीबाराच्या ऐन वेळी खाली कोसळायच्या त्या कोसळेनाशा झाल्या.

विंडोजचा प्रश्न खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, माझी चौथी. नोंदणी केलेल्यांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळाले, तेवढ्यावर मी आहे. बाजूला लिनक्स टाकून ठेवले आहे. स्टीमवरचे बरेच गेम तिथे चालतात, काउंटर स्ट्राइक तर थेट चालतो. व्हॅलोरंट चालत नाही, त्याचा पहारेकरी प्रोग्राम लिनक्सला दारातच उभे करत नाही. ज्याचे आयुष्य व्हॅलोरंट आहे त्याने माझा सल्ला सोडून द्यावा.

आता रेक्टर सरांसाठी. सर, त्या रात्रीनंतर डेस्कटॉपवर बंदी घालायची चर्चा झाली, तुम्ही ती घातली नाहीत, त्याबद्दल आभार. पण ती चर्चा दरवर्षी उठते म्हणून एक आकडा नोंदवून ठेवतो. आमचा डबा मॉनिटरसकट गेम खेळताना सुमारे २०० वॅट घेतो. रोज चार तास धरले तर महिन्याला २४ युनिट. ज्या किटल्यांवर पोरे रात्री मॅगी शिजवतात ती एकेक १५०० वॅटची आहे. एमसीबी गेला तो लोड जास्त झाला म्हणून नव्हे, माझा एसएमपीएस आतून शॉर्ट झाला म्हणून. बंदी घालायचीच असेल तर फुकटच्या एसएमपीएसवर घाला. सेमच्या सुरुवातीला इलेक्ट्रिकलच्या दोन पोरांनी प्रत्येक डब्याचे लेबल वाचून सही द्यावी, त्याशिवाय प्लग लावू देऊ नये. ते दोघे कोण, हे मी सुचवू शकतो.

आणि आता कॉलेज. लॅबच्या मागच्या जिन्याखाली कॉम्प्युटरची जी रास आहे ती आपण सगळ्यांनी बघितली आहे. त्यातली बरीचशी यंत्रे माझ्या डब्याच्याच पिढीची आहेत. मी लॅबच्या काकांना विचारले, "काका, यातले चालू किती?" काका म्हणाले, "बाळा, नवीन आले म्हणून हे बाहेर आले. बंद पडले म्हणून नाही." नियमाप्रमाणे त्यांचे निर्लेखन होईल, लिलाव होईल, आणि भंगाराच्या भावाने ती किलोवर जातील. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार मोठ्या संस्थांनी असा माल नोंदणीकृत रिसायकलर किंवा दुरुस्ती करणाऱ्यांकडेच द्यायचा असतो. आपले कॉलेज देईलही. पण चालू वस्तू वितळवायला द्यायचीच कशाला? पालिकेचे डम्पिंग ग्राउंड आपल्याच तुर्भ्यात आहे. कचऱ्याचा डोंगर म्हणजे काय हे आपल्याला कोणी चित्रात दाखवायला नको.

मी हे एका सरांशी बोललो. त्यांची अडचण खोटी नव्हती. ते म्हणाले, "पोरांना वाटून टाकलं तर ऑडिटमध्ये डेडस्टॉक रजिस्टर घेऊन मी उभा राहणार, तू नाही." बरोबर आहे सर. म्हणून वाटू नका. रजिस्टरमध्ये नाव कॉलेजचेच राहू द्या, फक्त 'जागा' या रकान्यात लॅबऐवजी होस्टेलची रीडिंग रूम लिहा. आम्ही चार-पाच जण दिवाळीच्या सुट्टीआधी दोन शनिवार देतो. प्रत्येक यंत्र तपासू, डिस्क पुसून टाकू, धूळ काढू, तीन मोडक्यांतून एक धड करू आणि लिनक्स टाकून दहा-बारा यंत्रे रीडिंग रूममध्ये उभी करू. उरलेले खरेखुरे भंगार खुशाल रिसायकलरकडे जाऊ दे. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही अशी मुले फर्स्ट इयरला दर बॅचमध्ये असतात. ती सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याच्या खोलीच्या दाराशी पेन ड्राइव्ह घेऊन उभी असतात. मीही उभा राहिलोय, डिस्क गेल्यानंतर. समोरचा 'ये ना' म्हणाला तरी ते उभे राहणे विसरता येत नाही.

सरांनी "लेखी दे" म्हटले आहे. अर्ज दिला आहे. जिन्याखालची रास अजून तिथेच आहे. पावसाळ्याआधी हलली तर बरे, कारण तिथे पाणी येते.

जाता जाता. माझ्या डब्यातून निघालेल्या चार जीबीच्या डीडीआर३ च्या दोन स्टिक ड्रॉवरमध्ये पडून आहेत. कोणाच्या बोर्डाला चालत असतील तर जेवणाच्या वेळी मेसमध्ये भेटा. पैसे नकोत, एक कटिंग पुरे. येताना एसएमपीएसच्या लेबलचा फोटो घेऊन या.